एकोणपन्नास फुटांचा टेप

मी टेप बोलतोय. गाण्यांचा नव्हे, मापाचा. पिवळी गोल डबी, मधे पितळी दांडी आणि पोटात गुंडाळलेली लांबलचक फीत. पन्नास फुटी म्हणून मी दुकानातून बाहेर पडलो. आज एकोणपन्नास फूट आहे. त्या एका फुटाची हकिगत मला सांगायची आहे. पण म्हाताऱ्याचं बोलणं जरा वळणं घेत जातं, तेवढं सांभाळून घ्या.

माझे मालक गोरक्षनाथ पेंटर. श्रीरामपुरात सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांनी मला मेन रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलं, त्याला बावीस वर्षं झाली. आणल्या दिवशी त्यांनी माझी सगळी फीत ओट्यावर उलगडली आणि बायकोला, मनकर्णाबाईला, म्हणाले, "बघ गं, सगळे आकडे कसे ठसठशीत हायेत." मनकर्णाबाई म्हणाल्या, "गुंडाळा ते. पोरं पाय देतील."

तेव्हा मला वाटलं होतं, आपल्या नशिबी रंगाचं काम आलं. रंगाचं काम कसलं! माझं काम रंगाच्या आधी संपतं. घर रंगवायचं म्हणजे आधी मोजायचं, भिंती किती, छत किती, त्याला पुट्टी किती, रंग किती, मजुरी किती, हे सगळं जुळवून घरमालकाला आकडा सांगायचा. लोक त्याला कोटेशन म्हणतात. नाना म्हणतात 'अंदाज'. मी म्हणतो डोकेदुखी.

कारण मोजायला बोलावणारी माणसं दहा आणि रंग देऊन घेणारं एक. बाकीच्या नऊ जणांना काय हवं असतं, ते मला बावीस वर्षांत कळलेलं नाही. "नाना, नुसतं अंदाजे सांगा हो," असं म्हणतात. मोजून अंदाजे सांगितलं की म्हणतात, "एवढं?" जणू नानांनी त्यांच्या भिंती रात्रीतून वाढवल्या! मग म्हणतात, दारं-खिडक्या वजा करा. केल्या. मग कपाटामागची भिंत वजा करा, तिथं कोण बघतंय. केली. शेवटी म्हणतात, "बरं, सांगतो तुम्हाला." हे 'सांगतो' मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता ते ऐकलं की माझी फीत आपोआप आत जाते.

एकदा शेवगावहून फोन आला. आडत्याचं दुमजली घर. नाना दोन एसट्या बदलून, मला पिशवीत घालून गेले. भर उन्हात वरखाली सगळं घर मोजलं. गच्चीचा कठडासुद्धा. चहा झाल्यावर आडत्या म्हणाला, "तसं रंगाचं आमच्या मेव्हण्यालाच दिलंय. बँकेला जोडायला आणखी एक कोटेशन लागत होतं." नाना नुसते हसले. मला हसू आलं नाही. परतीच्या एसटीत त्यांनी मला मांडीवर घेतलं, फितीवर बसलेली चुन्याची धूळ पंच्यानं पुसली आणि म्हणाले, "दमला असशील." आता सांगा, अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

पण राग येतो. मुख्य राग त्या एका फुटाचा.

झालं असं. मला आणून पाच-सहा वर्षं झाली असतील. एका घरी काम चालू असताना माझं टोक थिनरच्या डब्यात पडलं आणि तासभर तिथंच राहिलं. बाहेर काढलं तेव्हा पहिल्या फुटाचे आकडे विरघळून गेले होते. नानांनी ब्लेड घेतलं, एक फुटाच्या रेघेवर बरोबर धरलं आणि "सोस थोडं," म्हणत मला कापलं. टोकाला तारेची कडी बसवली. तेव्हापासून माझा पहिला आकडाच एक आहे. चौदा फुटांची भिंत मी पंधरा दाखवतो. नाना मनातल्या मनात एक वजा करतात आणि तोंडानं चौदा सांगतात. पंधरा वाचायचं, चौदा बोलायचं. त्यांना त्याची इतकी सवय झाली, की आपण वजाबाकी करतोय हेसुद्धा ते विसरून गेले.

त्यांचा मुलगा सुनील, टेम्पो चालवतो, तो कितीदा म्हणाला, "नाना, नवीन घ्या की टेप. कितीचा येतोय?"

"एकोणपन्नास फूट ठणठणीत हाय. एका फुटासाठी अख्खा टेप फेकू? माझे बी दोन दात पडल्यात. मला फेकतोस का?"

यावर कोण काय बोलणार! मनकर्णाबाई आतून म्हणाल्या, "फेकायला सोपं हाय का ते? लई जड हाय."

नानांचं शिक्षण तिसरीपर्यंत. आकडे येतात, अक्षरं जेमतेम. त्यामुळे त्यांची वही म्हणजे भिंत. खोली मोजली की दाराशेजारच्या कोपऱ्यात, कमरेच्या उंचीवर, शिसपेन्सिलीनं लांबी, रुंदी, उंची लिहून ठेवायची. नाही तरी त्यावर रंगच बसणार. सगळं घर झालं की पुन्हा पहिल्या खोलीपासून फिरायचं, भिंतीवरचे आकडे वाचत, बोटांवर जुळवत. शेवटी अंगणात येऊन आकडा सांगायचा. याला वेळ लागायचा. पण बावीस वर्षांत त्यांच्या अंदाजातली रंगाची बादली कधी कमी पडली नाही, की उरून वाया गेली नाही. तेवढंच त्यांचं नाव होतं. श्रीरामपूर ते बेलापूर कोणालाही विचारा, लोक म्हणायचे, "नाना महाग वाटतात, पण मोजून देतात."

दोन वर्षांपूर्वी नानांचे गुडघे गेले. शिडी बंद झाली. वर चढायला दोन कारागीर ठेवले. त्याच सुमाराला सुनीलची बायको पूजा म्हणाली, "नाना, मापं घ्यायला मी येते तुमच्याबरोबर. मोबाईलवर भरली की बेरीज आपोआप होते. कागद पण छान निघतो." पूजा बारावी शिकलेली, चटपटीत. नाना इतके खूश झाले, की त्या दिवशी त्यांनी माझी डबी घासून धुतली. मनकर्णाबाईंना म्हणाले, "माझ्या मागं हे बंद पडणार न्हाई आता."

आणि इथेच घोटाळा झाला.

पहिल्या मोठ्या कामाला निघायच्या आदल्या दिवशी सुनीलनं जेवताना बायकोला सांगितलं, "नानांचा टेप एक फूट कापलेला हाय बरं का. दर मापात एक वजा करायचा." तिनं मान हलवली. सुनील जेवून उठला. नाना ओसरीवर होते, त्यांनी ऐकलं नाही. मी खुंटीवर होतो, मी ऐकलं. मी ओरडणार कसा?

ते काम म्हणजे मार्तंडरावांचा बंगला. मार्तंडराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, त्यांच्या पत्नी विजयाबाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या मुलीचा, अनन्याचा, साखरपुडा घरीच करायचा होता. म्हणून रंग.

आम्ही हॉलमध्ये मोजायला लागलो. पूजानं माझी कडी एका कोपऱ्यात धरली, नानांनी डबी घेऊन दुसरा कोपरा गाठला. माझ्या फितीवर होतं पंधरा. नाना म्हणाले, "चौदा." पूजानं एक वजा करून मोबाईलवर भरलं, तेरा. रुंदीला मी तेरा दाखवलं, नाना म्हणाले बारा, तिनं भरलं अकरा. उंचीला दहाचे नऊ झाले. असं खोली खोली करत त्या दोघांनी मिळून अख्खा बंगला आकसवला. मी दोघांच्या मधे ताणलेला, दोघांचंही ऐकतोय, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. यापेक्षा मोठा वैताग नाही.

नानांनी सवयीनं दाराशेजारी पेन्सिलीनं आकडे लिहिले. विजयाबाई लगेच म्हणाल्या, "अहो नाना, भिंतीवर काय लिहिताय? तीस वर्षं मी पोरांना याच्यासाठी ओरडत आले."

"रंग देणारच हाय की बाई त्याच्यावर."

"आणि काम तुम्हाला दिलं नाही तर?"

"तर पुसून देईन," नाना म्हणाले. सगळे हसले.

संध्याकाळी पूजानं मोबाईलवर कागद पाठवला. वर नाव, खाली खोल्या, शेवटी एकूण आणि किती रंग आणायचा त्याची यादी: हॉलसकट सगळ्या घराला वीस लिटरच्या तीन बादल्या. दहा मिनिटांत मार्तंडरावांचा फोन आला. "ठरलं. सोमवारी सुरू करा."

पूजा आनंदानं उडी मारायची बाकी राहिली. नाना मात्र मोबाईलकडे रोखून बघायला लागले.

"काय झालं नाना?"

"लगेच व्हय म्हणाले?"

"मग बरंच झालं की."

"दारं-खिडक्या वजा करा म्हणाले न्हाईत?"

"नाही."

"कायतरी चुकलंय पोरी. लोक असं लगेच व्हय म्हणत न्हाईत. आन् तीन बादल्या मला कमी वाटत्यात."

"दोनदा तपासलंय, नाना. मोबाईल चुकत नाही."

नाना थोडा वेळ अंगठ्यानं माझी कडी फिरवत बसले. मग म्हणाले, "असंल बाबा. मोबाईल बरोबर असंल." हो, मोबाईल बरोबरच होता. त्याला जे दिलं ते त्यानं बरोबर गुणलं. चुकले ते नाना. नजरेनं बादली ओळखणारा माणूस, त्यानं स्वतःच्या नजरेवर अविश्वास दाखवला. मला त्या दिवशी त्यांचा जितका राग आला तितका शेवगावच्या आडत्याचाही आला नव्हता.

काम सुरू झालं, छान चाललं. हॉल उजळला, वरच्या खोल्या झाल्या. आणि साखरपुड्याला तीन दिवस राहिले असताना रंग संपला. मागची खोली सगळी कोरी. तीन बादल्या उलट्या करून ठेवलेल्या आणि कारागीर एकमेकांकडे बघतायत.

मार्तंडराव हॉलमधून आले. त्यांनी बादल्या पाहिल्या, खोली पाहिली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"नाना, यादी तुमची. यादीप्रमाणे मी तीन बादल्या आणल्या. तिन्ही रिकाम्या. मग एका खोलीचा रंग गेला कुठं?"

"भिंतीवरच गेला असंल साहेब."

"भिंती मोजूनच यादी दिली होती ना?"

मार्तंडराव कोपऱ्यातल्या आमच्या पिशवीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "राग मानू नका. मागच्या वेळच्या पेंटरनं असंच केलं होतं. छोट्या डब्यातून रोज थोडा थोडा न्यायचा. पिशवी जरा बघू का?"

कारागिरांपैकी एकजण पुढे झाला, नानांनी त्याला हातानं थांबवलं. गुडघ्यावर हात टेकत ते स्वतः खाली बसले आणि एकेक वस्तू काढून फरशीवर ठेवायला लागले. पुट्टी लावायचा पत्रा. जुना ब्रश. पंचा. भाकरीचं फडकं, त्यात सकाळची अर्धी भाकरी आणि ठेचा. मग मी. पिशवी उलटी करून झटकली. थोडी पुट्टीची भुकटी पडली, बस.

चाळीस वर्षं हा माणूस लोकांच्या घरात, उघड्या कपाटांसमोर, एकटा वावरला. आजवर त्याला कोणी पिशवी उघडायला सांगितलं नव्हतं. आणि खरं काय घडलंय हे ठाऊक असलेला त्या घरात एकटा मी, फरशीवर भाकरीशेजारी पडलेलो. तोंड दिलं नाही देवानं. नुसते आकडे दिले, त्यातलेही पहिले बारा इंच गेलेले.

नाना बसल्या जागेवरून म्हणाले, "साहेब, रंग मी आणून देतो. माझ्याकडून. पण आधी पूजाला बोलवा. घर पुन्हा मोजा. चोरी न्हाई केली, एवढं मोजून घ्या. मग काय म्हणायचं ते म्हणा."

पूजा वीस मिनिटांत आली. फरशीवर मांडलेलं सामान बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. तोवर विजयाबाईही आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मोजायच्या आधी मला सांग, मागच्या खोलीची मापं तू काय धरलीस?"

पूजानं मोबाईल काढला. "अकरा, नऊ. उंची नऊ."

विजयाबाईंनी चष्मा लावला आणि दाराशेजारच्या कोपऱ्यात वाकल्या. बाकी घरातले आकडे रंगाखाली गेले होते. ही एकच खोली कोरी होती, म्हणून तेवढे शिल्लक होते. त्यांनी बोट ठेवून वाचलं, "इथं बारा, दहा, दहा लिहिलंय."

त्या पूजाकडे वळल्या.

"हॉल काय धरलास?"

"तेरा, अकरा, नऊ."

"अहो, हॉल चौदा बाय बारा आहे," मार्तंडराव म्हणाले. "गालिचा घेताना मीच मोजलाय."

"सगळीकडे एकेक फूट कमी," विजयाबाई म्हणाल्या. "एखादं माप चुकलं तर समजू शकतं. सगळी मापं सारखीच चुकली म्हणजे पद्धतीत काहीतरी आहे." आणि खाली वाकून त्यांनी मला उचललं. कडी धरून फीत ओढली. माझं टोक डोळ्यांजवळ नेलं. "अगं बाई, हा तर एकपासून सुरू होतो!"

बावीस वर्षांत माझ्याकडे इतकं नीट कोणी बघितलं नव्हतं.

पूजा नानांकडे वळली. "नाना, तुम्ही मला जे आकडे सांगत होता, ते एक कमी करून सांगत होता?"

"मग? टेप कापलेला हाय ना."

"मी पण एक कमी करत होते. ह्यांनी सांगितलं होतं."

पोरीचे डोळे भरले होते. मार्तंडराव काही बोलायच्या आत नाना म्हणाले, "तिची न्हाई साहेब, चूक माझी हाय. टेप माझा. पोरगा मला कितीदा सांगत होता नवीन घ्या म्हणून."

मार्तंडरावांनी माफी मागितली नाही. आपल्याकडे या वयाची माणसं मागत नाहीत. त्यांना ती मागताच येत नाही. ते इकडे तिकडे बघत राहिले, स्कूटरची किल्ली घेतली, "बादली घेऊन येतो," म्हणाले आणि दारातून परत फिरून विचारलं, "नाना, रंग तोच ना? नंबर सांगा." चोराला कोणी रंगाचा नंबर विचारत नाही. तेवढ्यावर नानांनी भागवलं. त्यांच्या जागी मी असतो तर भागवलं नसतं.

विजयाबाईंनी मात्र खाली बसून पिशवी भरली. पत्रा, ब्रश, पंचा. भाकरी फडक्यात नीट बांधली. आणि पूजाला म्हणाल्या, "खऱ्या मापांनी नवा कागद कर. मजुरी पण नव्यानं धर."

"न्हाई बाई," नाना म्हणाले. "मजुरी बोललो ती बोललो."

विजयाबाईंचा शाळेतला आवाज निघाला. "नाना, गणित चुकलं तर दुरुस्त करतात. चुकलेलंच मिरवत नाहीत. पूजा, कर तू."

नानांनी मान खाली घातली. तिसरीतल्या पोरासारखी.

साखरपुडा झाला. आमंत्रण होतं. नाना धुतलेला सदरा घालून गेले, भिंतीकडेच बघत जेवले.

आता माझं सध्याचं सांगतो. पूजानं नवीन यंत्र आणलंय. भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि आकडा आपोआप येतो. मी घाबरलो होतो. पण नाना म्हणाले, "त्याला कडी कुठं हाय? धरायचं कुठं?" त्यामुळे दोघंही जातो. आणि त्या प्रकरणानंतरच्या रविवारी पूजानं एक गोष्ट केली. पांढऱ्या जाड कापडी पट्टीचा एक फूट कापला, बॉलपेननं त्यावर इंच आखले, बारा, आणि माझ्या टोकाला दुहेरी टाक्यांनी शिवला. वर मेण घासलं. कडी परत लावली. रेघा थोड्या वाकड्या आहेत. सातचा आकडा आठसारखा दिसतो. पण सोळा-सतरा वर्षांनी मी शून्यापासून सुरू होतो. सुरुवातीला एकोणपन्नास म्हणालो, ते सवयीनं.

तुम्हाला एक विनंती आहे. घर रंगवायचं नसेल तर मोजायला बोलावू नका. बोलावलंत आणि नको असेल तर 'नको' म्हणा, 'सांगतो' म्हणू नका. तुमच्या 'सांगतो'वर एक म्हातारा चार-चार दिवस फोनकडे बघत बसतो. आणि रंग कमी पडला तर आधी भिंत मोजा, पिशवी नंतर.

काल बेलापूरला गेलो होतो. नवं घर, मोठा हॉल. पूजानं माझी कडी कोपऱ्यात धरली, नाना डबी घेऊन दुसऱ्या टोकाला गेले. मी अंगातला जोर लावून ताठ झालो. फितीवर स्वच्छ, खरे, शून्यापासून मोजलेले सोळा फूट. नानांनी चष्मा सारखा केला, वाकून आकडा वाचला आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"पंधरा."

"नाना!" पूजा पलीकडच्या कोपऱ्यातून ओरडली.